बरणीमागचा कागद

माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं लोकांची पोटं साफ केली. चेष्टा नाही, इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून तीच त्यांची नोकरी होती. आतड्याच्या ऑपरेशनआधी पेशंटला जुलाबाचं औषध पाजायचं, एनिमा द्यायचा आणि बाहेर आलेलं पाणी काचेच्या बरणीत घेऊन खिडकीशी धरायचं. बरणीमागे छापील कागद. पाण्यातून अक्षरं वाचता आली तर पेशंट तयार, नाहीतर पुन्हा एनिमा. एखादा म्हातारा हात जोडायचा, "मामा, आता पुरे हो." बाबा म्हणायचे, "अजून गढूळ आहे." वॉर्डात त्यांचं नाव 'आरपार' पडलं होतं आणि त्या नावावर ते बेहद्द खूश होते.

घरातही तीच तऱ्हा. आम्ही घासलेली भांडी ते पुन्हा घासायचे आणि आमच्याकडे असं बघायचे, की आपणच खरकटे राहिलोय असं वाटावं. आई हसण्यावारी न्यायची. "पहिल्यांदा भेटलो तेव्हा यांनी तोंडाआधी माझी नखं बघितली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला ते जमलं नाही. मी त्यांचा मनापासून राग केला.

मग इस्पितळात नवी सर्जन आली, वयाने माझ्याएवढी. सगळ्यांची पोटं सरसकट धुऊन काढायची नाहीत, असं तिने आल्या आल्या सांगितलं. गरज असेल त्याचंच करायचं, तेही अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन. बाबांची बरणी गेली, हातात स्ट्रेचर आलं. "काल शिकून आलेली पोरगी मला अक्कल शिकवते," घरी येऊन ते धुमसत राहिले. "घाणीत सुरी घालणार आणि म्हणे चालतं!" खोटं कशाला बोलू, त्यांचं उतरलेलं तोंड बघून मला बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी आईच्या आतड्यात गाठ निघाली. वेळेत सापडली आहे, काढून टाकली की काकू मोकळ्या, असं सर्जन म्हणाली. धास्ती होती ती आईच्या मूत्रपिंडांची. सर्जनने बाबांना समोर बसवून सांगितलं, "मामा, काकूंना जुलाब अजिबात नको. अंगातलं पाणी गेलं तर किडन्या बसतील. आणि आतला मळ घट्ट असला तर मला आवरता येतो, अर्धवट पातळ केला की सांडतो." तेच छापील कागदावर खाली रेघ मारून दिलं आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. बाबा मान डोलवत होते.

आदल्या दुपारी मी माहेरी पोचले, तर ओट्यावर जुलाबाच्या औषधाची पाकिटं रांगेत मांडलेली. वॉर्डातल्या जुन्या कपाटातून आणलेली. आई दुसरा पेला संपवत होती.

मी ओरडले, "डॉक्टरांनी नको सांगितलंय ना!"

"माझी बायको त्या टेबलावर घाणेरडी जाणार नाही," बाबा म्हणाले. "तिथे सगळे मला ओळखतात."

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "यांचं तेवढंच समाधान."

मी सर्जनला फोन करायला मोबाईल काढला होता. तो परत पर्समध्ये टाकला. पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला कळत असेल, असं मला वाटलं. जन्मभर ज्याचा राग केला त्याच्यावर मी नेमका त्याच दिवशी विश्वास ठेवला.

औषध झालं, मग एनिमा सुरू झाले. आईच्या पायात गोळे यायला लागले, ओठ सुकले. बाबांची नजर आता कमी झाली होती, म्हणून त्यांनी मला खिडकीशी उभं केलं. टेबलावरचा हाताला लागला तो कागद त्यांनी बरणीमागे धरला.

"वाच."

"दिसत नाही."

"अजून गढूळ आहे," ते म्हणाले. आई भिंतीला धरून पुन्हा आत गेली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पाणी नळाच्या पाण्यासारखं आलं.

"वाच."

मी वाचलं, "पेशंटला जुलाबाचं औषध देऊ नये."

"खालची रेघ दिसते?"

"दिसते."

"बघ!" ते आईला म्हणाले. "आरपार!" इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

सकाळी आईला उभं राहता येईना. इस्पितळात सर्जनने तिची जीभ बघितली, नाडी बघितली आणि बाबांना विचारलं, "काही दिलंत का?" बाबा म्हणाले, "नाही." आईने माझा हात दाबला आणि ती म्हणाली, "काही नाही घेतलं हो." मी गप्प बसले. ऑपरेशन रद्द झालं. सलाईन लावलं, पण लघवी बंद झाली ती झालीच. पाचव्या दिवशी आई गेली. गाठ होती तिथेच राहिली.

सर्जनने आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. "आता तरी खरं सांगा," ती म्हणाली.

बाबा ताठ बसले होते. "मॅडम, काय व्हायचं ते झालं. पण तिचं पोट एकदम स्वच्छ होतं. हिला विचारा, हिने स्वतः वाचलंय."

सर्जनने माझ्याकडे बघितलं.

"काय वाचलंत?"