सरोज आंटींची एकच कणीक

शुक्रवार, १७ नोव्हेंबर.
कित्येक महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. लिहिण्यासारखं होतं, पण आपण खरं लिहू याची खात्री नव्हती. आजही नाही.

सरोज आंटींवर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता.

आज दुपारी त्यांना माती दिली. सकाळपासून चर्चच्या ग्रुपवर 'शांतिदूत', 'एकतेची माता' असं येतंय. फोटोखाली जोडलेले हात.

मला ते पटत नाही. पण मग खरं काय, तेही नीट सांगता येत नाही.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि मी सातवीत. नाताळची मुख्य उपासना मराठीत की हिंदीत, यावरून आमची मंडळी फुटली. इमारत एक, पाळक एक. पण आठला मराठीवाले, दहाला हिंदीवाले. मधल्या वेळात सायकल स्टँडवर कुणी कुणाकडे बघायचं नाही.

चर्चच्या कपाटाला दोन कुलपं. आत दोन प्याले.

प्रभुभोजनात तुकडे करून वाटायच्या भाकरीसुद्धा दोन.

आमची भाकर सरोज आंटी करायच्या. गव्हाची, बिनखमिराची, जाडसर. हिंदीवाल्यांची त्यांच्या पुढाऱ्यांची बायको, मसीह आंटी करतात, असं सगळे समजून होते.
"त्यांच्या हातचं आपल्या टेबलावर नको," असं दोन्हीकडची मोठी माणसं म्हणायची. टेबल म्हणजे प्रभूचं.

सरोज आंटींचं माहेर अमरावतीकडचं, नवरा बिलासपूरकडचा. आठची उपासना आटोपली की आम्ही घरी. त्या मात्र बाकावर बसून राहायच्या, दहासाठी.

त्या दिसल्या की आईचा आवाज खाली यायचा. "तिच्यासमोर काही बोलू नका. इथलं तिथं पोचवून राहिली ते."

बाबा प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला होते. दिवसभर पोलादाच्या प्लेटांमधले दोष शोधायचे, संध्याकाळी माणसांमधले.

एका रविवारी ते मला घेऊन पुन्हा दहाला गेले. "ती तिथं काय सांगते, पाहून येतो." लेक सोबत असली की कुणाला शंका येणार नाही, असा त्यांचा हिशेब.

शंका आलीच. हिंदीवाल्यांचे पुढारी मसीह अंकल दारातच उभे. "क्या बात है साहब, सुबह वाली प्रार्थना लगी नहीं क्या?"
"लगी. थोड़ी बाकी थी."

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. आंटी पुढे, डोळे मिटून. त्या काहीच करत नव्हत्या. बाबांना त्याचाच जास्त संशय.

मग पाळकांनी भाकर वर उचलली.

बाबा पुढे झुकले. भाकरीच्या कडेला चंद्रकोरीसारखा पांढरट, कच्चट डाग होता. तोच डाग सकाळी आमच्याही भाकरीवर होता. आंटींचा तवा एका बाजूने बसका, तिथे भाकर टेकायची नाही. त्यावरून आई त्यांना कायम नावं ठेवायची.

बाबा पुटपुटले, "एकाच भट्टीचा माल आहे हा."

तोवर रांग आमच्यापर्यंत आली होती. उठून जावं तर सगळे बघत होते.
बाबा पुढे गेले. त्यांनी भाकर घेतली. खाल्ली.

तिथून थेट आंटींच्या क्वार्टरवर.

"सरोजबाई, हे काय चालवून राहिल्या तुम्ही?"
"मसीहबाईची भाकर फाटते जी. मले म्हणे, तूच दे करून, पण कोणाले सांगू नको. त नाही सांगितलं."
"पण एकाच कणकेची?"
"त मंग? माहे गुडघे पाहा. दोन-दोनदा कावून मळू मी? प्रभू काय दोन आले होते?"

बाबांनी तो बसका तवा उचलून उजेडात धरला.

"चहा घेता का? त्याच्यातबी दोन प्रकार नाहीत."

पुढे कित्येक वर्षांनी मसीह आंटींनीच हे सांगून टाकलं. आता ग्रुपवाले म्हणतात, सरोज आंटींनी हे प्रेमापोटी केलं. मला वाटतं, गुडघ्यांपोटी. की भांडणावरून सुनावलं तर बाबांची मान खाली जाईल म्हणून त्यांनी गुडघे पुढे केले? माहीत नाही.

बाबांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन्हीकडच्यांनी ती भाकर सोडली असती. दोष दिसूनही त्यांनी पास केलेला तेवढा एकच माल.

पण पुढच्या रविवारी ते पुन्हा दहाला गेले. का, ते त्यांना आईला सांगता येईना. म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायला आईही जाऊ लागली. हे दोघं आपल्यात येऊन काय करतात, या संशयाने मसीह अंकल आठला येऊन बसू लागले. मग त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांचेच लोक.

उन्हाळ्यापर्यंत दोन्ही उपासनांना जवळपास सगळेच. पहारा देताना गीतं तर गावी लागतातच. मसीह अंकलना मराठी गीतं पाठ झाली. आई चुकतमाकत हिंदीत प्रार्थना करू लागली.

शेवटी मंडळीच्या सभेत मसीह अंकलच वैतागून उठले. "जब सब लोग दोनों में बैठे हैं, तो इतवार को दो बार काहे आना? मेरी छुट्टी खराब होती है."

त्या नाताळला एकच उपासना झाली. कुठल्या भाषेतली गीतं जास्त झाली, ते कुणीतरी मोजलं असणारच. बहुतेक बाबांनीच.

याला समेट म्हणायचं? कुणी कुणाची क्षमा मागितली नाही. संशयातून जुळलेलं किती टिकतं, ही शंका मला अजून आहे.

पण आज कबरस्तानात म्हातारे मसीह अंकल काठी टेकून मराठी गीताचं शेवटचं कडवं म्हणत होते. पुस्तक न बघता. मला ते येत नव्हतं.

निघताना पाळकांनी परवाच्या रविवारची भाकर मला करायला सांगितली. घरी पोचते तोच तरुणांच्या इंग्रजी उपासनेकडून फोन. "आंटी, हमारे लिए अलग बना देंगी? बड़ों वाली नहीं."

मी हो म्हणाले.

ते "हो" लबाडीचं होतं की थकव्याचं, संध्याकाळपासून तपासतेय. आंटींनी स्वतःला हे कधी विचारलं असेल?

आंटी, तुमच्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. तरी तुमची जागा रिकामी बघवत नाही.
प्रभूजवळ निवांत बसा. आता गुडघे दुखत नसतील.

उद्याचं काम: कणीक मळणे. एकदाच.