मडगार्डमागचा पोपट

टिचकीमास्तरांच्या मते कान माणसाला चष्म्याच्या काड्या अडकवायला दिलेले आहेत. आवाज ऐकायचा तो मधल्या बोटाच्या पेरानं.

चाळीस वर्षं ते गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करत आले होते. धंद्यात ह्या कामाला डेंटिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला डेंटर. कुठलीही गाडी वर्कशॉपच्या दारात उभी राहिली की मास्तर तिच्याभोवती फेरी मारत आणि वितीवितीवर टिचकी मारत जात. चांगला पत्रा टण्ण बोलतो. जिथं ठोकून काढायचा आळस केलाय, खड्ड्यात पुट्टी थापून वरून रंग फासलाय, तिथं तो थप्प करतो, ओल्या पोत्यावर चापट मारल्यासारखा. असा थप्प आला की मास्तर गिऱ्हाइकाकडं पाहून तोंड वाकडं करत.

"हिला लेप लावलाय. वैद्याकडं न्या, माझ्याकडं कशाला आणली?"

आणि लगेच ते वाक्य यायचं. "चाळीस वर्षांत ह्या हाताला पुट्टी लागली नाही." हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, विहिणीला ऐकवलं होतं, दवाखान्यात शेजारच्या खाटेवर सलाईन लावून पडलेल्याला ऐकवलं होतं. एकदा मयताच्या घरी भेटायला गेले, तिथंही विषय काढून ऐकवून आले.

असल्या माणसाला जावई मिळाला तो नेमका कागदावरचा. विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे फॉर्म भरायचा. बॉनेट कुठून उघडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. पण गेली दोन वर्षं जेवताना, अंथरुणात, संडासात फोनवर जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला ह्या विषयातलं सगळं कळायला लागलं होतं. इंजिनातलं नव्हे, भावातलं. "अशा गाडीचा भाव कधी उतरत नाही," हे तो आता भातात मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज म्हणायचा.

आणि मग त्याला ती सापडली. दोन सीटची, लाल, छप्पर मागं सरकणारी. मालक दाताचा डॉक्टर. जाहिरातीत लिहिलेलं, 'कारखान्यातून निघाली तशी.' किंमत म्हणाल तर जावयाचा सगळा फंड, अधिक बायकोचा गाळा.

हा गाळा म्हणजे मास्तरांनी लेकीच्या नावावर घेऊन दिलेलं दुकान. आत दोन शिलाई मशीन, एक आरसा, एक पडदा. लोकांचे ढिले कपडे आटवायचे आणि घट्ट कपडे उसवायचे, हा तिचा धंदा. लोक जाड होत होते, बारीक होत होते, धंदा बरा चालला होता.

"नुसता पडून आहे तो गाळा," जावई म्हणाला.

"पडून कुठं? मी उभी असते त्यात दिवसभर," ती म्हणाली.

तीन दिवस घरात भांडी जरा जोरात आपटली. चौथ्या दिवशी जावई फार उदार झाल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे. मामा म्हणतील तसं. मामांनी गाडी पास केली तर घ्यायची, नाहीतर विषय बंद."

लेक तडक बापाच्या वर्कशॉपमध्ये आली.

"अप्पा, बघायच्या आधीच नाही म्हणून टाका."

"न बघता नापास करायला मी काय शाळेतला मास्तर आहे?"

"सगळे मास्तरच म्हणतात तुम्हाला."

"गाडी चांगली निघाली तर मी चांगली म्हणणार. खोटं नाही बोलायचा. चाळीस वर्षांत ह्या हाताला—"

"पुट्टी लागली नाही. माहितीय. आणि माझा गाळा?"

ह्यावर मास्तरांनी हातातलं मडगार्ड उलटं केलं आणि नसलेला खड्डा शोधत बसले.

रविवारी सकाळी निघताना त्यांना लोहचुंबक हवं होतं. पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरून पडतं. एवढी साधी परीक्षा. घरातलं चुंबक बायकोच्या बटणांच्या डब्यात असायचं, सांडलेल्या सुया गोळा करायला. बिस्किटांचा जुना गोल डबा, अंगावर हिरव्या पोपटांची रांग. झाकण नव्हतं. झाकणाच्या जागी बशी ठेवलेली.

"बशी परत नीट ठेवा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "झाकण गेलं ते गेलं, बशी तरी राहू द्या घरात."

मास्तरांनी बशी नीट ठेवली.

डॉक्टरचं गॅरेज त्याच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ होतं. भिंतीला पांढऱ्या फरशा, खाली रबरी चटई, आणि मधोमध ती. खोटं कशाला बोला, मास्तरांनाही क्षणभर बरी वाटली. पण डॉक्टरनं तोंड उघडलं आणि ते बरं वाटणं गेलं.

"टायर सोडले तर सगळं ओरिजिनल. सीटचं चामडं ओरिजिनल. स्टेअरिंग ओरिजिनल. हा रंग बघा, असा लाल आता करत नाहीत. ओरिजिनल."

"डिकीतला कोळी?" मास्तरांनी विचारलं.

"अं?"

"जाळं ओरिजिनल दिसतंय म्हणून विचारलं."

जावयानं घसा खाकरला. मास्तर फेरीला लागले. पुढचा भाग टण्ण. दार टण्ण. दुसरं दार टण्ण. प्रत्येक टण्ण ऐकून जावई हसत होता आणि प्रत्येक टण्णागणिक मास्तरांच्या डोळ्यांसमोर लेकीचं एकेक मशीन गाळ्याबाहेर निघत होतं. बॉनेट टण्ण. उजवं मागचं मडगार्ड, टण्ण. आता एकच बाजू उरली. डावं मागचं मडगार्ड.

थप्प.

मास्तरांनी पुन्हा मारली. थप्प. रुमालात गुंडाळलेलं चुंबक लावलं. ते घसरून चटईवर पडलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांना नातू झाला.

"लेप!" ते म्हणाले. "हातभर लेप! ज्या कुणी गाढवानं हे थापलंय ना, त्यानं जन्मात हातोडी धरली नसेल. उलथनं धरलं असेल. पत्रा ठोकायचा आळस, दुसरं काय. तुमच्याच धंद्यातला दिसतोय, डॉक्टर. किडक्यात सिमेंट भरून मोकळा."

"आम्ही आधी साफ करतो," डॉक्टर दुखावून म्हणाला. मग आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन आला. जुन्या गाड्यांच्या क्लबचं प्रमाणपत्र. त्यावर शिक्का होता, सही होती आणि 'पत्रा मूळचा' असं लिहिलेलं होतं. "तज्ज्ञांनी तपासलीय. टिचक्या मारून नव्हे."

जावयानं कागद दोन्ही हातांत धरला. कागद दिसला की त्याचं असंच व्हायचं. "मामा, शिक्का आहे."

"थप्पवर शिक्का मारला म्हणून टण्ण होत नाही, जावईबापू. आतून बघा. मागून पत्रा दिसेल."

"खुशाल बघा," डॉक्टर म्हणाला आणि खिशातून दाढा बघायचा लांब दांड्याचा बारका आरसा काढून त्यानं जावयाच्या हातात दिला. मास्तरांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून जावई स्वच्छ पँटनिशी चटईवर आडवा झाला आणि आरसा व फोनची बॅटरी घेऊन चाकामागं शिरला.

बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला.

"मामा, इथं पोपट आहे."

"काय आहे?"

"पोपट. हिरवा. डांबराचा थर सुटलाय, त्याखाली. डोकं आणि एक पंख. चोच लाल."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा नातू गेला.

डॉक्टर मात्र खाली वाकला, बघून आला आणि उजळून उठला. "चिन्ह असणार कारखान्याचं! मोठ्या कंपन्यांचं असंच असतं. कुणाचा घोडा, कुणाचा बैल. त्यांनी आत छापलं असेल."

"म्हणजे पोपटवाल्या गाड्या थोड्याच निघाल्या असतील," जावई चाकामागून बाहेर सरकत म्हणाला. केसांना डांबर लागलं होतं आणि डोळे चमकत होते. "थोड्या म्हणजे दुर्मिळ. मामा, दुर्मिळ!"

"मग मला भावाचा पुन्हा विचार करावा लागेल," डॉक्टर हनुवटी चोळत म्हणाला.

एक विमावाला आणि एक दातवाला बिस्किटाच्या पोपटापुढं हात जोडून उभे होते, आणि तो पोपट तिथं कुणी बसवला हे ठाऊक असलेला एकच माणूस गॅरेजात होता.

बत्तीस वर्षांपूर्वी ही गाडी लाल नव्हती. मोहरीच्या डाळीसारखी पिवळी होती. एका कंत्राटदाराच्या पोरानं बापाला न विचारता बाहेर काढली आणि पाण्याच्या टाकीच्या खांबावर घातली. मडगार्ड फाटलं होतं. बाप संध्याकाळी पाचला परत येणार, आणि पत्र्याचं दुकान त्या दिवशी बंद. पोरगा रडायला लागला. मास्तरांचं नवीन लग्न झालेलं, घर वर्कशॉपच्या मागंच. ते आत गेले, बायकोच्या डब्याचं झाकण उचललं, ठोकून बाक दिला, फाटलेल्या जागी मागून जोडलं, वरून पुट्टी थापली, रंग मारला, मागं डांबर फासलं. पावणेपाचला गाडी गेली. मग त्यांनी रॉकेलनं हात धुतले, दोनदा, आणि त्याच आठवड्यात पहिल्यांदा ते वाक्य बोलले. तेव्हा त्या वाक्यात आठच वर्षं होती. दर वर्षी त्यात एक वर्ष मिळवत गेले.

आता गप्प राहिलं तर अब्रू राहत होती आणि गाळा जात होता. आणि खरं सांगायचं, तर मास्तरांच्या मनात तिसरंही काहीतरी खुसपुसत होतं. बत्तीस वर्षं टिकलं की! क्लबच्या तज्ज्ञाला कळलं नाही! शरमेनं मान खाली जायची आणि फुशारकीनं वर यायची, अशी त्यांची मान दोनतीनदा हलली. जावयाला वाटलं, मामा हो म्हणतायत.

"मग फायनल करू?" त्यानं विचारलं.

"तो पोपट माझा आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे बायकोचा. बटणांच्या डब्याचं झाकण आहे ते. मीच लावलंय. ते गाढव मीच."

डॉक्टर हसला. "भाव पाडायला माणसं काय काय रचतात! पुरावा?"

मास्तरांनी लेकीला फोन लावला. ती आईकडंच होती, निकालाची वाट बघत. "आईच्या बटणांच्या डब्याचा फोटो पाठव. का ते विचारू नको." फोटो आला. हिरवे पोपट, लाल चोची. जावयानं आरशातला पोपट आणि फोनवरचे पोपट तीनदा ताडून पाहिले. एवढ्यात फोन वाजला आणि जावयानं घाईत स्पीकरचं बटण दाबलं.

"झाकण सापडलं का?" मास्तरीणबाईंचा आवाज पांढऱ्या फरशांवर आदळला. "कुठं आहे?"

"एका गाडीत आहे."

"गाडीत? मांजरानं नेलं म्हणाला होतात!"

"अगं, तेव्हा—"

"त्या शेजारणीच्या मांजराला मी ते मरेपर्यंत शिव्या घातल्या! शेजारीण माझ्याशी बोलायची बंद झाली, घर सोडून गेली. आणि पुट्टी लागली नाही, पुट्टी लागली नाही म्हणून जगाचे कान खाल्लेत ते वेगळंच. झाकण घेतल्याशिवाय घरी येऊ नका."

फोन बंद झाला.

"रंगही हिचा नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. आता राहिलंच काय होतं झाकायला. "पिवळी होती. दाराच्या बिजागरीखाली जरा खरवडून बघा, जावईबापू."

"खरवडायचं नाही!" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडला की जावयाला जे चुंबकानं कळलं नव्हतं, पोपटानं कळलं नव्हतं, ते तेवढ्यानं कळलं. त्यानं आरसा पुसून डॉक्टरच्या हातात ठेवला. प्रमाणपत्रही ठेवलं, पण जरा जड हातानं.

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "मामा, आज माझा पोपटच झाला असता."

"झालाच. फुकटात झाला, एवढंच."

"आणि तुमचा?"

पुढच्या कोपऱ्यापर्यंत उभ्या असलेल्या एकाही गाडीला मास्तरांनी टिचकी मारली नाही.

लेकीला कळलं तेव्हा ती गाळ्यात कुणाची तरी पँट उसवत होती. ती एवढंच म्हणाली, "अप्पा, चहा घेता?" आणि दिला तोही बिनसाखरेचा. साखर संपली होती आणि ती आणायला तिला गाळा सोडून जायचं नव्हतं.

पण झाकण बाकी होतं. चार दिवस मास्तरांना घरात चहासुद्धा बशीशिवाय मिळाला. बशी डब्यावर होती. पाचव्या दिवशी ते हत्यारं घेऊन डॉक्टरकडं गेले, आपलं ते जुनं पाप कापून काढलं, चांगला पत्रा घालून दिवसभर ठोकत बसले. मजुरी घेतली नाही. मडगार्ड टण्ण बोलायला लागलं तेव्हा उठले. महिन्याभरानं डॉक्टरची नवी जाहिरात आली, 'जुन्याजाणत्या कारागिराच्या हातची', आणि किंमत पहिल्यापेक्षा वाढलेली. जावयानं ती सासऱ्यांना वाचून दाखवली आणि वर म्हणाला, हल्ली जुन्या स्कूटरना फार मागणी आहे.

झाकण रॉकेलनं घासून मास्तरांनी बायकोपुढं ठेवलं. तिनं डब्यावर बसवून पाहिलं. बसेना. मडगार्डच्या बाकाचं झालेलं, दोन्ही बाजूंनी उचलून राहायचं.

"ठोकून सरळ करून देतो," मास्तर म्हणाले.

"नको. तुमचं काम बघितलं मी."

तिनं बशी डब्यावर परत ठेवली. झाकण न्हाणीघरात नेलं. बाक असल्यामुळं त्यात साबण छान बसतो, पाणी साचतं तेवढंच.