अत्तर लावलेलं कोकरू

मेंढीनं तिसऱ्यांदा ढुशी मारली आणि कोकरू भिंतीपाशी जाऊन पडलं. त्याला जन्मून दोन तास झाले होते आणि पोटात चिकाचा, म्हणजे पहिल्या दुधाचा, थेंब नव्हता. चीक पिळून नळीनं पाजला असता, पण त्यावर एखादाच दिवस निघतो. आईनं जवळ केलं नाही तर असं पिल्लू बहुतेक वेळा जातं.

"खलास, डॉक्टर. ये मदर नो गुड," मालक अबू यूसुफ म्हणाले. बहारीनमध्ये सनद गावाजवळ त्यांचं छोटं फार्म आहे आणि मी तिथली नेहमीची व्हेट.

मी कोकरू उचलून हुंगलं. चक्क गुलाबाचा वास!

फार्म सांभाळणारे लतीफभाई रत्नागिरीचे. ते खाली बघत म्हणाले, "मीच न्हाऊ घातलं. सगळं चिकट होतं बिचारं. घरी बाळाला लावतो तसं थोडं अत्तर लावलं."

एवढ्या मायेवर रागवायचं तरी कसं? पण घोळ तिथंच झाला होता. मेंढी पिल्लाला ओळखते ती वासानं. व्याताना गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं, तेव्हा तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं. त्या वेळी ज्या पिल्लाचा ओला वास नाकाशी येईल, ते तिचं. थोड्या तासांत ही संधी संपते.

"वार कुठंय?"

"बादलीत. टाकणारच होतो."

"टाकू नका!"

अत्तर धुऊन काढलं आणि वारेचं, म्हणजे कोकरामागून बाहेर पडलेल्या नाळेच्या गोळ्याचं, पाणी कोकराच्या अंगाला चोळलं. लतीफभाईंनी मेंढी धरली. ग्लोव्ह घालून मी हात आत घातला आणि बाळंतपणात पडतो तसा ताण हळूहळू दिला. अबू यूसुफनी तोंड फिरवलं.

चार-पाच मिनिटांत मेंढी शांत झाली. तिनं मान वळवून कोकरू हुंगलं. मग घशातून खोल, घुमणारा आवाज काढला. हा आवाज मेंढी फक्त नव्या पिल्लासाठी काढते. ती चाटायला लागली आणि कोकरू शेपटी हलवत आचळाला लागलं.

इतकी वर्षं हे काम करते, तरी माझ्या अंगावर काटा आला. मघाशी हाकलणारी हीच मेंढी! तिला कोणी समजावलं नव्हतं. मेंदूत थेंबभरही नसेल एवढं काहीतरी सुटलं आणि परकं वाटलेलं पोर तिचं झालं.

"माशाल्ला," अबू यूसुफ पुटपुटले.

लतीफभाईंनी विचारलं, "माणसाचं पण असंच असतं काय?"

"थोडंफार. पण माणसाला इतकी घाई नसते."

"बरं झालं. माझी धाकटी झाली तेव्हा मी हितंच होतो. दीड वर्षाची झाल्यावर बघितली. मला बघून रडायला लागली."

व्हिजिटच्या कागदावर मी एकच सूचना लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली: पहिले चार तास पिल्लाला आईजवळून हलवू नये.

"मेंढ्यांचं बरं आहे मॅडम," ते म्हणाले, "डॉक्टर लिहून देतात."