टेम्पोतला अबोला

आमच्या टेम्पोला ड्रायव्हर दोन होते, लायसन्स मात्र एकाचंच. नवरा स्टेअरिंगवर, मी त्यांच्या डावीकडे. मरोळला खोके भरायचे, मुलुंडला उतरवायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे दिवे फाकायला लागल्यापासून सिग्नल मीच सांगायची. तेही बोंबलून, कारण खिडकीकडचा उजवा कान हॉर्ननी कधीच खाल्ला होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता.

"डॉक्टरला दाखवा" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं. "मोतीबिंदू आसा गो. पिकल्याशिवाय काढनत नाय."

पिकतोय म्हणे! आंबा आहे का तो, अढीत घालायला? खरी भीती वेगळीच होती. टेम्पो महिनाभर उभा राहिला तर आपलं काम दुसरा पळवेल. आणि सिग्नल सांगायला बायको होतीच की, फुकटातली.

मग एकदा असल्फ्याला डावीकडून शाळेची पोर धावत आली. ह्यांना दिसलीच नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. घरी येऊन मी रडून सांगितलं, तर म्हणतात, "वाचला मां चेडू? मगे?" आणि जेवायला बसले. माझं डोकंच फिरलं. मी अबोला धरला.

त्यांना वाटलं, टेम्पोत तरी बोलेन. दुसऱ्या दिवशी सकाळी साकीनाक्याच्या सिग्नलला आम्ही सगळ्यात पुढे, ऊन थेट तोंडावर.

"हिरवो झालो काय गो?"

झाला होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. मागून हॉर्न, आईबहिणीवरून शिव्या. ह्यांनी गिअर टाकला, पुन्हा काढला.

"बोल ना गो! पाया पडतंय तुझ्या."

अख्ख्या संसारात हा माणूस माझ्या कधी पाया पडला नव्हता. वाईट वाटलं मला. पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

हवालदार आला. त्याने चौकापलीकडे थांबलेल्या बसकडे बोट केलं आणि तिचा नंबर वाचायला सांगितला. ह्यांनी मान वळवली ती माझ्याकडे, रोजच्यासारखी.

तेव्हा मी बोलले. "दिसत नाही त्यांना, साहेब. कधीपासूनच दिसत नाही." चांगलं मोठ्याने बोलले, त्यांच्याही कानात शिरावं म्हणून.

लायसन्स गेलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, आधी आला असतात तर उरलेली राखता आली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टेम्पो विकला.

आता ते दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात, पाठ माझ्याकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे ते. मी चहाला हाक मारते, जेवायला हाक मारते, ते वळत नाहीत. कान पुरते गेलेत की आता त्यांनी अबोला धरलाय, मला कळत नाही. मी आणखी मोठ्याने हाक मारते.