दादांचा गोंद

घरचा धंदा असला की किस्से शोधावे लागत नाहीत. उघड्या सांध्यात केर साचावा तसे ते साचत जातात आणि कितीही झाडू फिरवा, निघत नाहीत. नात्यात कुणाचंही लग्न असो, बायका भाजी चिरायला बसल्या की एखादी म्हणतेच, "काकी, लिनोचं सांगा ना." मी सांगते. सगळ्या पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना अजून राग येतो.

आमचं दुकान बेटावरच्या रोझ हिल गावात. सत्तरच्या दशकात टिनाची घरं जाऊन सिमेंटची आली आणि ज्याला त्याला सालोंमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, लिनो हवासा झाला. असायचं ते विनाइलचं शीट, पण आमच्याकडे सगळे लिनोच म्हणत. शीटपेक्षा खोली रुंद, म्हणून दोन पट्टे शेजारी शेजारी घालायचे आणि मध्ये सांधा. सगळी कला त्या सांध्यात. खाली कुठला गोंद लावायचा आणि वरून कडा बंद करायला कुठलं औषध भरायचं, हे चुकलं की थोड्याच दिवसांत कडा वर येते.

शीट घालायचे आमचे हे, सखाराम. गोंद आणायचे यांचे थोरले भाऊ, दादा. गल्ल्यावर मी. वडील गेल्यावर दादांनीच यांना वाढवलं, त्यामुळे दादांसमोर हे तोंड उघडत नसत. यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लोकांनी म्हणावं, सखारामचा सांधा शोधून सापडत नाही. बस, एवढंच. आणि सांधा उघडला की नाव यांचंच निघायचं, कारण गुडघ्यावर बसलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असायचा. गोंद कुणी आणला हे कोण विचारतो?

*

एकदा दादांनी पोर्ट लुईच्या गोदीवरून पांढऱ्या गोंदाचं एक पिंपच आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून स्वारी खुशीत. वरचं लेबल कुठल्या भाषेतलं, ते दुकानात कुणालाच कळेना. यांनी शीटचे दोन तुकडे त्या गोंदानं चिकटवले, चांगले वाळवले आणि टेस्ट म्हणून पाण्याच्या बादलीत टाकून ठेवले. सकाळी बघतो तर एक तुकडा वर तरंगतोय आणि दुसरा तळाला.

हे बादली उचलून दादांसमोर घेऊन गेले. नुसती दाखवली.

दादांनी चहाचा घोट घेतला. "मग गिऱ्हाइकाला सांग, घरात पोहू नका."

*

घरात कोण पोहतंय? पण आमच्या बायका शनिवारी बादल्या ओतून, नारळाच्या झाडूनं खसखसा घासून घर धुतात, हे दादांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? रिव्हिएर दू रांपार गावच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडे हा पांढरा गोंद गेला. धुतलेलं पाणी सांध्यातून आत शिरलं, ते आतच राहिलं. त्यात मूग निवडताना सांडायचे, तेही झाडूबरोबर आत गेले.

एक दिवस तो शेतकरी बसनं रोझ हिलला आला. चिडला नव्हता, हेच वाईट. गल्ल्यावर ओंजळ रिकामी केली. हिरवेगार कोंब!

"मी शेतात पेरतो," तो यांना म्हणाला, "तू माझ्या घरात पेरलंस. बों, बरंय, पीक चांगलं आलंय."

हे खाली मान घालून ऐकत राहिले. दादा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र उलटं होतं असं मी म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून ते मी म्हणत नाही.

*

मग दादांची स्वारी एकदम दुसऱ्या टोकाला गेली. चपला बनवणाऱ्याकडचा पिवळा गोंद आणला. वास असा की डोकं भणभणावं. पकड मात्र घट्ट. पण त्या वेळच्या शीटला मागं जाड कागदासारखा थर असायचा. पिवळा गोंद त्यातून हळूहळू वर चढतो आणि डाग पडतो. हे यांनी गिऱ्हाइकासमोर नव्हे, बाजूला घेऊन दादांना सांगितलं. तेवढं धाडस केलं.

दादांनी ते गिऱ्हाइकासमोर नेलं. गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच गावातले एक हेडमास्तर. "मास्तर, आमचा सखा भित्रा हाय. गोंद बघून घाबरतो."

मास्तर हसले. सांधा बसला. काही महिन्यांनी त्यांच्या सालोंमध्ये या दारापासून त्या दारापर्यंत एक तपकिरी पट्टा उमटला. पुसून जाईना, घासून जाईना. मास्तरांनी मग तक्रार करणंच सोडलं. पाहुणे आले की छडीनं दाखवायचे, "हे विषुववृत्त. सखारामनं काढलंय."

अख्ख्या रोझ हिलमध्ये हे वाक्य फिरलं. मी यांना म्हटलं, "अहो, तुमचं नाव जातंय."

"जातंय खरं," हे म्हणाले आणि जेवायला बसले.

*

गणपतीचा किस्सा सांगितल्याशिवाय कुणी मला उठू देत नाही. आमच्याकडे गणपती बसायचा तिथं शेणानं सारवायची रीत. खाली लिनो असला म्हणून रीत कोण मोडणार? एका घरी बायकांनी लिनोवरच सारवलं. खालचा पांढरा गोंद ओल लागताच पातळ झाला, लोकांच्या पायाखाली दाबला जाऊन सांध्यातून वर आला, आणि वर ठेवलेल्या पाटाला खालून घट्ट वाळला.

विसर्जनाच्या दिवशी आरती झाली. चौघांनी पाट उचलला. पाटाबरोबर लिनोही उठला! भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या बाजूला कलंडल्या, एकीच्या हातातलं ताट गेलं. सगळे "आयो, आयो" करतायत, गणपती मध्ये हलतोय, आणि आमचे हे सुरी काढून पाटाखाली आडवे झालेले. घामानं भिजून गेले होते. देवाचं काही झालं असतं तर या माणसानं जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं.

दादा दारात उभे होते. शेजारच्याला म्हणाले, "बघ, आणि म्हणे आपला गोंद चिकटत नाय."

*

सांधा वरून बंद करायला एक पातळ औषध येतं. दोन्ही कडा जराशा विरघळवून एक करतं. जुन्या शीटचं काम त्याहून नाजूक. वर्षानुवर्षांचं पॉलिश खरवडून काढावं लागतं, कड कडक झाली असेल तर कोपऱ्यात थोडं लावून बघावं लागतं, नाहीतर औषध धरतच नाही. एका ऑफिसमधल्या जुन्या लिनोच्या रिपेअरचं काम मिळालं. यांनी ती औषधाची बाटली मागितली.

दादांनी आणली. एक नव्हे, पिशवीभर छोट्या छोट्या बाटल्या. नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश!

"हेबी पारदर्शकच हाय," दादा म्हणाले.

हे गेले. ऑफिसच्या मधोमध गुडघ्यावर बसून त्या इवल्याशा ब्रशनं सांधा रंगवत राहिले. एका टायपिस्ट मुलीला वास ओळखीचा वाटला. ती खुर्चीवरून वाकली, स्वतःचा हात पुढे केला आणि म्हणाली, "मिस्ये सखाराम, हे झालं की माझीबी करा."

पॉलिशचे पापुद्रे निघायला वेळ लागला नाही. पण त्या दिवसापासून यांचं नाव पडलं मिस्ये व्हेर्नी, नेलपॉलिशवाले साहेब. बसस्टॉपवर पोरं हाक मारायची. दादांच्या सामानानं आयुष्यात घट्ट चिकटवलेली गोष्ट तेवढी एकच.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही. सांगितला की बायका हसायच्या थांबतात.

ऐंशीच्या दशकात समुद्राकाठी हॉटेलं उभी राहायला लागली. दादांनी स्वतःचं नवं घर बांधायला घेतलं, त्याचे कॉन्ट्रॅक्टर होते रोलांसाहेब. त्यांना हॉटेलच्या कामासाठी लिनोवाला हवा होता. यांच्याबद्दल त्यांनी बरंवाईट सगळं ऐकलेलं. ते यांना म्हणाले, "तुझ्या भावाच्या घरी काय करतोस ते बघतो. मग बोलू." त्या रात्री हे जेवताना दोनदा हसले. असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

लिनो घालायच्या दिवशी दादा स्वतः एक डबा घेऊन आले. उत्तमातला उत्तम गोंद, सोबत औषधाची खरी बाटली. आणि म्हणाले, "आधी कडा नीट पुसून घे. मेण राहिलं तर औषध धरत नाय. गोंद जास्त लावू नको, वर येतो. आणि पिवळा तर जवळबी आणू नको, डाग पडतो."

मी दारात होते. माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली, नाहीतर फेकली असती. यांनी फक्त डबा घेतला आणि कामाला लागले. असा सांधा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

वास्तुपूजेला सगळे आले. शेतकरी, मास्तर, गणपतीच्या घरचे. रोलांसाहेब बशी हातात घेऊन सालोंभर फिरले, सांधा शोधला, सापडला नाही. यांच्याकडे बघून त्यांनी मान हलवली. लोकही वाकून बघायला लागले, आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. आमच्याकडे असा का नाही झाला?

दादांच्या ते लक्षात आलं. पुऱ्या वाढता वाढता मोठ्यानं म्हणाले, "बघितलं? मन लावलं की सखाचा हात असा चालतो. तुमच्याकडं त्यानं मन लावलं नाय, की पू फेर? मी काय करणार?"

लालमतीहून यांची सख्खी मावशी आली होती. आई गेल्यावर हे तिच्याच कुशीत झोपायचे. तिच्या घरचा सांधा यांनीच घातलेला, दादांच्याच गोंदानं. त्या वर आलेल्या कडेला पाय अडकून ती पडली होती, तेव्हापासून तिचं उजवं मनगट वाकडं. ती हळूहळू खाली बसली. त्याच हातानं लिनोवरून चाचपत राहिली, या भिंतीपासून त्या भिंतीकडे. मग वर बघून म्हणाली, "सखा, तुला असा सांधा तवाबी येत होता?"

रोलांसाहेब खायचे थांबले होते. दादांच्या हातात पुरी तशीच होती. यांनी एकदा दादांकडे पाहिलं, गोंदाचं नाव मात्र काढलं नाही.

"येत होता, मावशी," हे म्हणाले.