देवरावभाऊ खोटं बोलत नसत

देवरावभाऊ कुठल्याही रोग्याला 'तू बरा होशील' असं म्हणत नसत. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण ते वाक्य म्हणायचा. देवरावभाऊ मात्र खाटेजवळ स्टूल ओढून बसत आणि विचारत, "आज कशाचं भेव वाटून राह्यलं?"

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी अठरा वर्षांची होते. मानेत गाठी आणि रोजचा ताप, म्हणून आई आणि मामाने मला आष्टीहून वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. गाठीचा तुकडा तपासून आला आणि त्या दिवसापासून आई माझ्या डोळ्याला डोळा देईना. काही विचारलं की मामा म्हणायचा, "साधी गाठ हाय, निंगून जाते." मी जवळून गेले की वॉर्डातल्या बायका बोलायच्या थांबत.

देवरावभाऊ पिपरी मेघेचे, शिंपीकाम करणारे. त्यांचा तरणा मुलगा विलास याच दवाखान्यात रक्ताच्या कॅन्सरने गेला होता. तेव्हापासून ते तरुण रोग्यांपाशी येऊन बसत. त्यांनी मलाही तेच विचारलं. मी म्हणाले, "मले काय झालं हे कोनी सांगत नाई. त्याचंच भेव वाटते."

ते उठून व्हरांड्यात मामाकडे गेले. दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरीले खरं सांगा."

"तुमी कोन सांगनारे?" मामा भडकला. "ऐकूनच मरन ती!"

"माह्या विलासनं विचारलं होतं, बाबा, मी मरून राह्यलो का? मी म्हनलो, येडा झाला का, दिवाळीले घरी जाऊ. मंग त्यानं माह्याशी बोलनंच सोडलं. भिताडाकडे तोंड करून पडे. मी उशाशी बसलो असतानी पोरगं एकटं गेलं, भाऊ."

मामाने त्यांची कॉलर धरली. "आता निंगा इथून!"

तेवढ्यात आईचा आवाज आला. "सोड त्याइले. मी सांगतो तिले."

आई आत आली. माझा हात तिने इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "शालू, तुले कॅन्सर हाय," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी आम्ही एकमेकींकडे पाहून रडलो.

उपचार सुरू झाले. सलाईनमधून औषध चढायचं, मग उलट्या. केस उशीवर राहू लागले. देवरावभाऊ येत, तसराळं धरत, तोंड पुसायला ओला पंचा देत. बोलणं थोडंच. उन्हाळ्यात गाठी विरल्या आणि पावसाळ्यात जबड्याखाली एक पुन्हा वर आली. मी औषध घ्यायला साफ नकार दिला. डॉक्टर समजावून थकले, मामा ओरडून थकला.

"मी वाचीन का, भाऊ?" मी देवरावभाऊंना विचारलं.

"मले मालूम नाई, पोरी."

"मंग कशाले टोचून घेऊ?"

त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "तू नाई म्हनली तं मी रागावनार नाई. पन तुले जगावं वाटते का, तेवढं सांग."

मला संताप आला. "हो! वाटते मले!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून पाहू लागला.

"मंग हे तुह्या मायले सांग. कालपासून जेवली नाई थे."

मी आईला हाक मारली. संध्याकाळी सलाईन लागलं. ती गाठ गेली, पण ती परत येणार नाही यावर विश्वास बसायला मला फार वर्षं लागली.

मी वर्ध्यात शाळेत नोकरीला लागले होते तेव्हा देवरावभाऊ हृदयविकाराने गेल्याचं कळलं. मी पिपरीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंना, मी पहिल्यांदाच भेटत होते. मी म्हणाले, "भाऊंसारखा निडर माणूस मी पाहिला नाही."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"निडर? विलास गेल्यापासून दवाखान्याचा वास आला की त्याइले वकाऱ्या येत. फाटकापाशी हातपाय थरथरत. एकट्यानं जानं होये नाई, म्हनून मी संग जावो अन् बाहेर बसून राहो. मी म्हनो, नका जाऊ जी आता. तं म्हनत, थे पोरगी वाट पाहून राह्यली असन."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी माझ्या वाढलेल्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "तूच का थे आष्टीची?"