कुसाबाईची चूल

वकिली कुठं शिकलात असं कोणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते, कारण सर्टिफिकेटवर तेच छापलंय. खरं सांगायचं तर मी ती शिकले सायखेड्याच्या कुसाबाईकडं, आणि तेही तिचं काम बिघडवून.

२००१ साल. मी नाशिकला लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजचं मोफत कायदा सल्ला केंद्र दर दुसऱ्या शनिवारी सायखेड्याला भरायचं. केंद्र म्हणजे काय, ग्रामपंचायतीची एक खोली, एक डुगडुगतं टेबल, सतरंजी आणि एसटीतनं धूळ खात पोचलेले आम्ही चार-पाचजण. बरोबर देवरे सर. "आधी ऐका, मग लिहा," एवढंच ते दर वेळी सांगायचे. मी मात्र माणूस बसायच्या आत पेनाचं टोपण काढायचे. राग नाकावर आणि कलमं जिभेवर. आई म्हणायची, "छाये, तुला सासर नको, कोर्टच पाहिजे."

कुसाबाई पहिल्यांदा आली ती बाजार उरकून. पन्नाशीची असेल. बांधा काटक, डोक्यावर पदर, पाटीत मेथीच्या चार जुड्या उरलेल्या. त्यातली एक तिनं टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "आम्ही काही घेत नाही, मावशी." तर म्हणाली, "तुला कोन देतंय? सरांना दिली. तू आधी शिकून घे."

तिची गोष्ट सरळ होती. लग्नानंतर चार वर्षांत मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला माहेरी आणून सोडली. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. भाऊ खंडेराव, त्याची बायको नवसाबाई, त्यांची दोन मुलं, आणि घरामागच्या पडवीत ही. गोदाकाठच्या दोन वाफ्यांत मेथी-कोथिंबीर लावायची, बाजारात विकायची, स्वतःचं स्वतः रांधायची.

"मला रेशनकार्ड पाहिजे," ती म्हणाली. "माझ्या नावाचं. नांदत होते तिथल्या कार्डावरनं नाव कापलं. भावाच्या कार्डावर सगळ्यात खाली हाय. बहीण म्हनून. जलमभर मी कुनाच्या तरी कार्डावर. मेल्यावर तरी कागदाला ठाऊक पाहिजे का नाय, ही बाई कुठं राहत हुती?"

अडचण एकच होती. वेगळं कार्ड हवं तर चूल वेगळी असल्याचं दिसावं लागतं. पुरवठा निरीक्षक घरी येऊन बघून जातो. आणि खंडेराव सही द्यायला तयार नव्हता. तो वाईट माणूस नव्हता हो. "लोक म्हणतील, बापाच्या माघारी खंड्यानं बहिणीला वेगळं काढलं," एवढीच त्याची भीती. पण ती भीती काही केल्या हटत नव्हती.

मग काय, मी कंबर कसली. अर्ज असा लिहिला की सरांनीसुद्धा मान डोलावली. पुरवठा ऑफिसात पाच खेटे घातले, तिथल्या क्लार्कशी भांडले, आणि निरीक्षकाची भेट पक्की करूनच उठले. श्रावणातला सोमवार. धावत जाऊन कुसाबाईला सांगितलं. ती जरा घुटमळली.

"सोमवारी शिळासप्तमी हाय बाई."

"असू दे की! साहेब काय जेवायला येतायत?"

ती वाफ्याकडं वळली. मी काही विचारलं नाही. नाशिकच्या फ्लॅटमध्ये गॅसवर वाढलेली मी. श्रावणात रोज काहीतरी असतंच, एवढंच मला माहीत.

सोमवारी मी निरीक्षकांच्या आधी पोचले. पडवीत शिरले आणि पाहते तर चूल शेणानं सारवलेली, वर हळदीकुंकू, एक जास्वंदीचं फूल. राखेचा कण नाही. बाजूला ताटाखाली कालच्या भाकरी आणि दही. शिळासप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं खातात, हे मला तेव्हा, त्या क्षणाला कळलं.

"मावशी, दोन काटक्या लावा. नुसता धूर दिसू दे."

"नाय."

"अहो, साहेब कोपऱ्यावर आलेत! परत सहा महिने येणार नाहीत ते. तुमच्या कार्डाचं काय?"

"राहू दे कार्ड. आज शितळामाय चुलीत लोळायला येती. इस्तवावर कशी निजंल ती? पोरांच्या अंगावर फोड उठत्याल."

"कुणाच्या पोरांच्या? तुम्हाला कुठं..." मी जीभ चावली, पण जायचं ते तोंडातून गेलंच.

ती रागावली नाही. त्याचंच मला आजही वाईट वाटतं. शांतपणे म्हणाली, "दादाच्या. तेजी अन् रुद्र. मला नायत म्हनून त्यांनी का भोगायचं?"

तेवढ्यात निरीक्षक आलेच. वाकून बघितलं, चुलीवरून हात फिरवला. कुसाबाईनं सणाचं सांगितलं तर म्हणाले, "बाई, मला दिसतं ते मी लिहितो." खंडेरावला विचारलं. तो जमिनीकडं बघत बोलला, "चूल एकच हाय साहेब. ती आमच्यातच जेवती." झालं. कागदावर उतरलं: चूल वापरात नाही. मी रस्त्याला लागले ती रडतच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात देवरे सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. ते इतकंच म्हणाले, "तिनं तुला तारीख ऐकून काहीतरी सांगितलं होतं ना?" त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही हरकत घेतली आणि पंधरा दिवसांनी ऑफिसात सुनावणी लागली. इथं अर्ज फेटाळला की फाईल बंद, हे कुसाबाईला माहीत होतं. ती नवं लुगडं नेसून आली होती. खंडेराव आला, आणि दवाखान्याचं निमित्त काढून नवसाबाईही आली. ती दाराशी उभी राहिली, तोंडावर पदर.

आम्ही विद्यार्थी, बोलायचं सरांनी. पण सुनावणी घेणारे पुरवठा अधिकारी साहेब म्हणाले, "अर्ज पोरीनं लिहिलाय ना? मग बोलू दे तिला." मी उठले. पाठ करून आणलेलं सगळं विसरले आणि तोंडाचा पट्टा सुटला. "साहेब, त्या दिवशी सायखेड्यात घरोघरी चुली थंड होत्या. या खंडेरावांची पण थंडच होती. मग करा त्यांचंही कार्ड रद्द! अख्ख्या गावाचं करा!"

सर खोकले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आवाज खाली, बाई. सण होता, मान्य. पण एरवी ही चूल पेटते याला पुरावा काय? सख्खा भाऊ नाही म्हणतोय."

मी फाईल चाळू लागले. कुसाबाई भावाकडं बघत होती आणि भाऊ खिडकीकडं.

"साहेब, मी बोलू का?" दारातून आवाज आला.

"तुम्ही कोण?"

"मी ह्यांच्या घरातली," नवसाबाईनं खंडेरावकडं बोट केलं. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार!

"गप. घरी बोलू," खंडेराव पुटपुटला.

"घरी लय वर्सं गप बसले," ती म्हणाली आणि पदर मागं सारून पुढं आली. "साहेब, माझी तेजी रांगत हुती तवाची गोष्ट. माझ्याच तोंडून गेलं, दोन बायकांचं एका चुलीवर भागत नाय म्हनून. दुसऱ्या दिशी आक्कानं मागं तीन दगडं मांडली. तवापासून तिची चूल वेगळी. मला कधी उलटून बोलली नाय. अन् त्या सोमवारी काय झालं, मी भिंतीपल्याड उभी हुते. ह्या पोरीनं लय इनवण्या केल्या, पेटव म्हनून. पेटवली असती तर तवाच कार्ड मिळालं असतं. नाय पेटवली. माझ्या लेकरांसाठी नाय पेटवली." तिनं कुसाबाईचा हात धरला. "तिची चूल तिच्या नावावर करा."

कुसाबाई पदरानं नाक पुसत होती आणि भावजयीवरच करवादली, "अगं, कशाला एवढं?"

साहेबांनी खंडेरावला विचारलं. त्यानं टोपी काढली, हातात चुरगाळली. "चूल वेगळी हाय साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी... खोटं बोललो. लिहा."

कार्ड दसऱ्याच्या आसपास मिळालं. केशरी, कोरं करकरीत. कुटुंबप्रमुख: कुसाबाई भिमाजी कुटे. नवऱ्याचं नाव लावायचं का, असं क्लार्कनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बापाचं लावा. त्यानं टाकली नव्हती." आमच्या केंद्राच्या खोलीवर आली आणि मला तीनदा वाचायला लावलं.

दिवाळीची साखर आली त्या शनिवारी मीही तिच्याबरोबर रेशनच्या दुकानावर गेले. नवसाबाई होतीच. दुकानदार कार्डांची चळत करून एकेक नाव पुकारत होता. सगळी पुरुषांची नावं. कोणाची बायको पुढं व्हायची, कोणाची सून. कुसाबाई सव्वीस वर्षं तिथं भावाच्या नावाला ओ देत आली होती.

"खंडेराव भिमाजी!" नवसाबाई जाऊन साखर घेऊन आली.

"कुसाबाई भिमाजी!"

कोणी हललं नाही. दुकानदारानं पुन्हा पुकारलं, मग वैतागून ओरडला, "अरे, कोन हाय ही कुसाबाई? हाय का गेली?" गाव तिला आक्का म्हणायचं नाहीतर खंडेरावची बहीण. रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुसाबाईही इकडंतिकडं बघत होती, कोण बाई एवढा उशीर लावतीय म्हणून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

नवसाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "अवो आक्का, तुमीच की!"

"अगं बाई," कुसाबाई म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हाय! मी हाय!" आणि पिशवी पुढं धरून माणसांतून वाट काढत निघाली.